पारखीने पास केलेला लॅपटॉप

"लॅपटॉप म्हणजे शेवटी काय? एका बाजूने उघडणारी पेटी," पारखी म्हणाला. "आणि पेट्या पास करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय. तू निर्धास्त राहा. असा तुकडा आणतो की विकून झाल्यावर दुकानदार रडेल."

कोण रडलं ते पुढे येईलच.

पारखी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. फर्निचरच्या कारखान्यात तो तयार मालाची तपासणी करायचा, आणि तिथल्या लोकांनी त्याला हे नाव दिलं होतं. साहेबांनी ते कौतुकाने दिलं होतं आणि सुतार ते दातओठ खाऊन घ्यायचे. खुर्ची समोर आली की पारखी आधी तिच्यावर बसायचा, मग तिच्या मागच्या दोन पायांवर झुलायचा, मग तिला उलटी करून खालून बोट फिरवायचा. कपाटाचं दार तर तो हात भरून येईपर्यंत उघडायचा आणि लावायचा. जरा कुरकुरलं की नापास. मग सुताराने डोकं आपटलं तरी हा विरघळायचा नाही.

त्याचे दोन सिद्धांत होते. पहिला असा, की नव्या कोऱ्या वस्तूवर विश्वास ठेवू नये. शंभर हातांखालून गेली आणि तरी टिकली तीच वस्तू खरी. आणि दुसरा असा, की एकदा खोलून परत जोडलेली वस्तू काही केल्या घ्यायची नाही. कारखान्यात हे दोन्ही सिद्धांत सोन्यासारखे होते. पण कारखान्याच्या फाटकाबाहेरही जग आहे, आणि तिथे सगळ्याच वस्तूंना बिजागऱ्या नसतात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी त्याने ते नापास केलं असतं.

लॅपटॉप हवा होता त्याच्या बायकोला. आजूबाजूचे सगळे तिला वहिनी म्हणतात, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. वहिनी घरातल्या बाहेरच्या खोलीत बसून कपडे शिवायच्या. त्यांच्या हातच्या शर्टाची बाही खांद्यावर अशी बसायची की जणू ती तिथेच उगवली आहे. कुणाच्या तरी अंगातला तो शर्ट एका शिवणशाळेच्या संचालिकाबाईंनी पाहिला. ही शाळा घरबसल्या, इंटरनेटवरून शिकवणारी. बाईंनी निरोप धाडला, की एक धडा घेऊन दाखवा. पसंत पडला तर शिक्षिका म्हणून या.

त्या दिवसापासून वहिनींचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. "इतकी वर्षं लोकांच्या मापाने जगले," त्या एकदा दोरा ओवता ओवता म्हणाल्या. "आता कुणीतरी मला विचारतंय, तुम्हाला काय येतं ते सांगा म्हणून. हे मला हवंय हो. फार हवंय." वहिनी सहसा काही मागत नसत. पारखीने ते ऐकलं आणि आपणच लॅपटॉप निवडायचा असं तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

"मोठा नको," वहिनी म्हणाल्या. "छोटासा, स्वस्तातला. इंटरनेट चाललं, समोरच्याचं तोंड दिसलं आणि माझं त्यांना दिसलं की झालं. लेकीला विचारूया का? ती दिवसभर त्यावरच काम करते."

"लेक खुर्चीवरही दिवसभर बसते. म्हणून तिला खुर्चीतलं कळतं का?" पारखी म्हणाला, आणि निघाला.

दुकानातल्या विक्रेत्याच्या गळ्यात ओळखपत्र होतं आणि तोंडात आकडे. "साहेब, रोजच्या इंटरनेटसाठी हा छोटा बघा. मेमरी याची—"

"मेमरी राहू द्या. बिजागरी दाखवा."

विक्रेता जरा थबकला. पण गिऱ्हाईक होतं. पारखीने लॅपटॉप उघडला. मिटला. उघडला. मिटला. विक्रेता आधी हसला, मग त्याने घड्याळ पाहिलं, मग शेजारच्या सहकाऱ्याला डोळ्याने बोलावलं. पारखीने कोपरे दाबून पाहिले, लॅपटॉप पालथा घालून खालच्या रबरी पायांवर अंगठा फिरवला आणि मग तो कानाला लावला.

"कुरकुरतो हा."

"साहेब, तो आतल्या पंख्याचा आवाज आहे."

"आवाज तो आवाज. नापास. पुढचा."

असे एकामागून एक नापास होत गेले. कुणाचं झाकण सैल, कुणाचं घट्ट, कुणाची कड बोटाला लागणारी. बघ्यांची छोटीशी गर्दी जमली आणि एका आजोबांनी आपण घेतलेला लॅपटॉपही पारखीपुढे तपासायला धरला. पारखीने तोही नापास केला. आजोबा बिल घेऊन तावातावाने गल्ल्याकडे गेले, आणि विक्रेत्याने कपाळाला हात लावला.

तेवढ्यात पारखीचं लक्ष दर्शनी टेबलाकडे गेलं. तिथे एक चिमुकला, करड्या रंगाचा लॅपटॉप साखळीने बांधून ठेवला होता. येणारा-जाणारा त्याला हात लावत होता. एकाने तो उघडला, दुसऱ्याने मिटला, तिसऱ्याने जाता जाता त्यावर कोपर टेकलं. पारखी जवळ गेला. त्याने झाकण उघडलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू आनंद पसरत गेला. बिजागरी लोण्यासारखी फिरत होती.

"हा इथे कधीपासून आहे?"

"तो शोचा पीस आहे, साहेब. दुकान उघडल्यापासून इथेच आहे. सगळे त्यालाच हाताळतात. तो विकायचा नाही."

"हाच द्या."

विक्रेता आत विचारून आला. त्या जातीचा माल येणं बंद झालं होतं. मालक म्हणाले, जाऊ दे, स्वस्तात दे. पारखीने मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. "फक्त उद्या न्या," विक्रेता म्हणाला. "आत दुकानाचं घातलेलं असतं, ते काढून, साफ करून देतो."

पारखीचे डोळे बारीक झाले. "आतलं काढणार? काय काढणार?"

"शोसाठीचं असतं साहेब, ते—"

"जे आहे ते आहे तिथेच राहू द्या. खोलायचा नाही."

"खोलायचा नाहीये हो. नुसतं—"

"स्क्रू नाही, बोट नाही, काही नाही. आतला चांगला भाग काढून दुसरा बसवायचा, हे प्रकार मी कपाटांच्या कुलपांत पाहिलेत. जसा आहे तसा द्या, माझ्या डोळ्यांदेखत."

विक्रेत्याने तोंड उघडलं, पण गल्ल्यावर ते आजोबा अजून भांडत होते. त्याने तोंड मिटलं आणि साखळी सोडली. अतिशहाण्याला थांबवणं हे त्याच्या पगारात बसत नव्हतं.

घरी लॅपटॉपचं स्वागत थाटात झालं. वहिनींनी तो हळूच उघडला, हळूच मिटला आणि म्हणाल्या, "गोड आहे हो." पडद्यावर डोंगरातून कोसळणाऱ्या धबधब्याचं चित्र होतं. इंटरनेट चाललं. लेकीचं तोंड दिसलं, लेकीला यांची दिसली. पारखीचे वडील, आप्पा, मागून डोकावून म्हणाले, "एवढ्याशा डब्यात ती मावली कशी?" आणि सगळे हसले. घरातलं ते शेवटचं निर्मळ हसू म्हणायला हवं.

वहिनींनी दुसरा अख्खा दिवस धडा तयार करण्यात घालवला. बाहीचे फोटो काढले, खांद्याजवळच्या त्या गोल कापाची, मुंढ्याची, चित्रं काढून त्यावर बाण दाखवले, खाली समजावून लिहिलं. संध्याकाळी सगळं नीट साठवून त्यांनी लॅपटॉप बंद केला आणि फडक्याने पुसून ठेवला. सकाळी उघडला तर धबधबा जागेवर होता, पण धडा नव्हता. फोटो, चित्रं, बाण, काहीच नव्हतं.

वहिनींना धक्काच बसला. "माझं काम कुठे गेलं?"

"नीट ठेवलं नसशील," पारखी म्हणाला.

"मी? मी पडलेली टाचणीसुद्धा डबीत ठेवते."

हे खरं होतं. मग संशय साहजिकच आप्पांवर गेला. आप्पांना घरातली प्रत्येक कळ दाबून पाहण्याची सवय होती. रेडिओ त्यांनीच गप्प केला होता, आणि इस्त्रीचंही त्यांनाच ठाऊक. पण या खेपेला आप्पा भडकले. "मी त्याला शिवलोसुद्धा नाही. शिवलो असतो तर तोंडावर सांगितलं असतं. मी काय तुला भितो?" आणि ते चहा अर्धा टाकून उठून गेले. आप्पा चहा अर्धा टाकतात हे पाहून घर आणखी हादरलं.

वहिनींनी पुन्हा पहिल्यापासून धडा रचला. बंद केला. सकाळी पुन्हा धबधबा.

या वेळी वहिनींनी झाकण मिटलं. त्या म्हणाल्या, "मलाच येत नाहीये हे. या वयात नसती हौस. त्यांना नाही म्हणून कळवून टाकू का?"

पारखी आतून हलला. बायकोच्या तोंडून 'मला येत नाही' हे शब्द त्याने कधी ऐकलेच नव्हते. वस्तू नापास व्हायची त्याला सवय होती. माणूस असं बसल्या जागी स्वतःला नापास करतं, हे त्याला बघवेना. त्याने तपासनिसाचं डोकं चालवलं. बंद केला की जातं. तर मग बंद करायचाच नाही. आणि आप्पांचा भरवसा नाही, म्हणून कुलपात ठेवायचा. इतका सरळ उपाय आपल्याला आधी सुचला कसा नाही याचं त्याला नवल वाटलं.

वहिनींनी तिसऱ्यांदा धडा तयार केला. संचालिकाबाईंपुढच्या परीक्षेच्या आदल्या सकाळी पारखीने आतल्या खोलीतलं कपाट रिकामं केलं, त्याच्या पाठीला ड्रिलने भोक पाडलं, त्यातून चार्जरची वायर आत घेतली आणि चालू लॅपटॉप झाकण मिटून कपाटात ठेवला. कपाट त्याच्याच कारखान्यातलं, त्यानेच पास केलेलं होतं. भोक पाडताना त्याचा जीव तुटला, पण बायकोसाठी त्याने तेही केलं. किल्ली खिशात टाकून तो कामावर गेला. वहिनी धड्यासाठी कापड आणायला बाजारात गेल्या. घरी आप्पा एकटे राहिले.

पुढचं पारखीला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. आपण सरळ ऐकू.

आप्पा आतल्या खोलीत आडवे झाले होते. एकाएकी कपाटातून पाणी वाहू लागल्याचा आवाज आला. मग मंद संगीत. आणि मग एका बाईचा मधाळ आवाज आला, "नमस्कार. मी कधीची तुमची वाट पाहतेय. जवळ या ना."

आप्पा ताडकन उठून बसले. आधी त्यांना वाटलं, बोलावणं आलं. पण बोलावणं कपाटातून येत नसतं, एवढी समज त्यांना होती. ते हळूच कपाटाजवळ गेले. "कोण आहे?"

आत पाणी वाहतच राहिलं. थोड्या वेळाने पुन्हा आवाज आला, "नमस्कार. मी कधीची तुमची वाट पाहतेय."

आप्पांनी दार ओढून पाहिलं, कुलूप होतं. मागे वाकून पाहिलं, तर एक काळी दोरी भिंतीतून निघून भोकातून आत गेलेली. मुलाने सकाळी सकाळी ड्रिल कशाला काढलं होतं याचा उलगडा आप्पांना झाला आणि त्यांनी मनातल्या मनात मुलाला दोन शिव्या घातल्या. पण माणूस मनाने मऊ. आधी त्यांनी स्वयंपाकघरातून बिस्किटं आणली आणि दाराच्या फटीखालून एकेक आत सरकवली. "खाऊन घ्या," ते कुजबुजले. "मी बघतो काय करायचं ते."

मग त्यांनी शेजारच्या काकूंना बोलावून आणलं. काकूंनी कपाटाला कान लावला, नमस्कार ऐकला, आणि मटकन पलंगावर बसल्या. आप्पांनी दोन्ही हातांनी ती काळी दोरी धरून जोर लावला. दोरी सुटून हातात आली. बाईसाहेब त्यानंतरही काही वेळ नमस्कार करत होत्या. मग आवाज बंद पडला. "सुटली बिचारी," आप्पा म्हणाले.

संध्याकाळी पारखी घरी आला तो थेट कोर्टातच. काकू हाताची घडी घालून खुर्चीत बसल्या होत्या. वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि बाजारातली पिशवी अजून त्यांच्या हातातच होती. आप्पा कपाटापुढे उभे होते.

"किल्ली दे," आप्पा म्हणाले.

"कशाला?"

"बाईला बाहेर काढायला."

"कोणत्या बाईला?"

"ते तू सांग. माझ्याशी ती फक्त नमस्कार म्हणाली."

पारखीने बायकोकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसता अचंबा होता, आणि तो रागापेक्षा वाईट होता. "अहो, काकूंनीही ऐकलंय," ती म्हणाली.

"ऐकलं म्हणजे काय, स्पष्ट ऐकलं," काकू म्हणाल्या. "तुमची वाट पाहतेय म्हणाली. आवाज चांगल्या घरातला वाटला, म्हणून तर जास्त वाईट वाटलं."

"आणि वर दोरीने बांधून ठेवलंस," आप्पा कपाटाकडे बोट दाखवत म्हणाले. "मी ओढून सोडवली."

पारखीच्या पायाखालची जमीन सरकली. ती बाईमुळे नव्हे. "आप्पा, ती वायर होती," तो कसाबसा म्हणाला, आणि त्याने कुलूप काढलं.

कपाटात लॅपटॉप होता, काळा ठिक्कर, बॅटरी संपून निपचित पडलेला. त्याच्यापुढे बिस्किटांची ओळ होती. आप्पांनी वाकून लॅपटॉपच्या मागे पाहिलं, वरचा कप्पा पाहिला.

"गेली," ते म्हणाले. "बिस्किटांना हातही लावला नाही तिने."

बाई नव्हती हे काकूंना पटलं, पण घरी जाताना त्या वहिनींच्या खांद्यावर हात ठेवून "काही लागलं तर हाक मारा" म्हणाल्याच. आप्पांच्या कानांना वयाने भास होतो आणि काकू त्यांच्या हो ला हो म्हणतात, असं पारखीने ठरवलं. पारखीच्या चालचलणुकीबद्दल आप्पांनी काय ठरवलं ते त्यांनी सांगितलं नाही. वायर जोडून लॅपटॉप सुरू केला तर पडद्यावर फक्त धबधबा होता. धडा तिसऱ्यांदा गेला होता आणि परीक्षा उद्या सकाळी होती.

वहिनी रडल्या असत्या तर पारखीला बरं वाटलं असतं. पण त्यांनी पिशवीतून कापड काढलं, हाताने झटकलं आणि म्हणाल्या, "नको तो धडा. कापड आहे, खडू आहे, कात्री आहे. मी हातानेच करून दाखवीन. तुम्ही फक्त उद्या मध्ये येऊ नका."

दुसऱ्या दिवशी पडद्यावर संचालिकाबाई आल्या. नाकावर चष्मा, शेजारी दोन शिक्षक. पारखी रजा काढून दाराआड उभा होता आणि त्याच्या मागे आप्पा. वहिनींचा आवाज सुरुवातीला जरा कापला. पण कापड हातात आलं, आणि वहिनी पाण्यात सोडलेल्या मासोळीसारख्या झाल्या. "बाही नेहमी मुंढ्यापेक्षा थोडी मोठी कापायची," त्या सांगत होत्या. "आणि जास्तीचं कापड वरच्या गोलात जिरवायचं. ओढायचं नाही. चूण दिसली की बाही फसली." संचालिकाबाई पुढे झुकल्या. पारखीने आपली बायको शिकवताना कधी पाहिली नव्हती. त्याचा ऊर भरून आला.

आणि लॅपटॉपमधून पाणी वाहू लागलं.

वहिनींचे दोन्ही हात कापडात होते. बऱ्याच वेळात कळफलकाला कुणाचं बोट लागलं नव्हतं. पडद्यावरच्या संचालिकाबाई नाहीशा झाल्या आणि तिथे धबधबा कोसळू लागला. संगीत सुरू झालं. मग तो मधाळ आवाज आला, "नमस्कार. मी कधीची तुमची वाट पाहतेय."

"हीच ती," दाराआडून आप्पा म्हणाले.

धबधब्यावर ठळक अक्षरं उमटली होती: आजच घरी न्या, खास सवलत. पारखीच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. दुकानाचं काहीतरी आत असतं, ते काढून देतो, असं विक्रेता म्हणाला होता. हे ते काहीतरी. कुणी हात लावला नाही की गिऱ्हाईक बोलवायचं, आणि बंद केलं की कालच्या गिऱ्हाइकांनी केलेलं सगळं पुसून टाकायचं. दुकानात शहाण्यासारखंच काम होतं ते. घरी आणणाराच शहाणा नव्हता.

"नमस्कार," धबधब्याआडून संचालिकाबाईंचा आवाज आला. "घरी कुणी आलंय का?"

वहिनींच्या तोंडून शब्द फुटेना. त्या कापड तसंच धरून बसून राहिल्या. पारखी गुडघ्यांवर बसला, रांगत टेबलाखाली शिरला, वहिनींची लांब लाकडी पट्टी उचलली आणि खालून वर हात करून अंदाजाने एक कळ दाबली. धबधबा गेला. संचालिकाबाई आल्या. वहिनी पुढे शिकवू लागल्या.

आता पाणी येण्याआधीच कळ दाबावी, असा हुशार विचार पारखीने केला. त्याने दाबली. "तुमचा आवाज गेला," संचालिकाबाई म्हणाल्या. वहिनींनी वरून आवाज परत आणला आणि खालून पाय आपटला, तो नेमका पारखीच्या बोटांवर. त्यानंतर त्याने शहाणपण केलं नाही. पाणी सुरू झालं की चाचपडत कळ शोधायची, धबधब्यातली बाई नमस्कार म्हणायच्या आत दाबायची, एवढंच. धड्यात पुन्हा पुन्हा पाणी वाहिलं, आणि प्रत्येक वेळी वहिनी लाजेने गप्प होऊन, कापड समोर धरून, नुसत्या बसून राहिल्या.

शेवटी संचालिकाबाई चष्मा काढत म्हणाल्या, "ठीक आहे. कळवतो आम्ही." पडदा रिकामा झाला.

वहिनींनी टाचण्या गोळा करून डबीत ठेवल्या. टेबलाखालून बाहेर आलेल्या नवऱ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. "कळवतो म्हणजे नाही," त्या म्हणाल्या. "एवढं मलाही कळतं."

आजवर पारखीने हजारो खुर्च्या नापास केल्या होत्या आणि एकीचंही दुःख केलं नव्हतं. आज त्याला स्वतःच्या कपाळावर तो शिक्का मारून घ्यावासा वाटला. त्याने लॅपटॉप काखोटीला मारला आणि तो पळतच दुकानात गेला.

विक्रेत्याने त्याला ओळखलं आणि तो दोन पावलं मागे सरला.

"काढा," पारखी धापा टाकत म्हणाला. "आत दुकानाचं जे काही असेल ते काढा."

"मी त्याच दिवशी सांगत होतो, साहेब."

"तेव्हा मी शहाणा होतो."

विक्रेत्याने खुर्ची दिली. पारखी तिच्यावर नुसता बसला, झुलला नाही. विक्रेत्याने बराच वेळ काहीबाही दाबलं आणि लॅपटॉप परत दिला.

"परत येणार नाही ना ते?"

"नाही साहेब. आता मी ठरवलं तरी येणार नाही. त्या पीसचं ते सगळं कंपनीकडूनच बंद झालंय."

पारखी विजयी वीरासारखा घरी आला. वहिनी खोलीच्या मध्यभागी उभ्या होत्या, हातात फोन होता आणि त्यातून संचालिकाबाईंचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"तुमचा धडा आम्हा तिघांनाही फार आवडला," बाई म्हणत होत्या. "आम्ही तुम्हाला घेतोय."

वहिनींनी फोन दोन्ही हातांनी धरला. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पारखीचेही डोळे भरले, आणि आप्पांनी उगाच चष्मा पुसला.

"खरं सांगू?" बाई पुढे म्हणाल्या. "बाकीच्या बायका एकदा बोलायला लागल्या की थांबतच नाहीत. शिकणाऱ्याची सुई मागे राहते. तुम्ही मात्र थोड्या थोड्या वेळाने ते झऱ्याचं पाणी लावता, गप्प होता, कापड स्थिर धरता. तेवढ्यात समोरच्याचा हात पुढे येतो. आमचे हिशेब शिकवणारे सर नुसते बघायला बसले होते. त्यांनी तुमच्याबरोबर अख्खी बाही लावली. ही कल्पना कुठून सुचली तुम्हाला?"

वहिनींनी हळूहळू मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. "घरातूनच," त्या म्हणाल्या.

"ते पाणी रोजच्या तासाला हवंच. त्याच्याशिवाय नको. सोमवारी सुरू करूया."

फोन ठेवला गेला. पारखी लॅपटॉप छातीशी धरून उभा होता. वहिनींनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे.

"अहो, तुम्ही कुठे गेला होतात?"

पारखीने सांगितलं. सांगताना त्याचा आवाज बारीक होत गेला, आणि शेवटचं वाक्य आप्पांना ऐकूच आलं नाही. ते त्याला दोनदा सांगावं लागलं. मग त्याने दुकानात फोन लावला आणि काढलेलं परत घाला म्हणून विनवलं. "साहेब," विक्रेता म्हणाला, "तुम्ही दुसरं दुकान बघा ना."

लेकीने फोनवर सांगितलं, की पाण्याचे आवाज इंटरनेटवर ढिगाने मिळतात, एखादा वाजवा. वहिनी म्हणाल्या, "नको गं बाई. मशीनवर माझा आता काडीचा भरवसा नाही. घरात माणूस आहे की."

तेव्हापासून वहिनींचा तास असला की पारखी दाराच्या पडद्यामागे खुर्ची टाकून बसतो. पायांशी बादली, हातात पाण्याचा जग. वहिनींनी बोट वर केलं की त्याने उंचावरून धार सोडायची. बोट खाली आलं की थांबायचं. संगीताची बाजू आप्पा शिट्टीवर सांभाळतात. संचालिकाबाई परवाच म्हणाल्या, की पाणी हल्ली आणखी खरं वाटतं.

ती बादली दुकानातून आणायला पारखीच निघाला होता. वहिनींनी त्याला घरी बसवलं आणि स्वतः जाऊन घेऊन आल्या.